गाडी का बंद पडली

अप्पा गेल्यावर आमच्या घरी जेवढी माणसं भेटायला आली, त्यातली निम्मी अप्पांविषयी बोलली आणि निम्मी मोटरसायकलविषयी. अप्पांविषयी बोलणारीसुद्धा थोड्या वेळानं गाडीवरच यायची. माणूस का गेला हे कुणाला सांगता येत नाही, पण गाडी का बंद पडली हे राणीसावरगावात ज्याला त्याला सांगता येतं.

दिनकरराव सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "प्लगमधी कचरा आला आसंल." त्यांच्या शेजारच्यानं कॉइल तापल्याचं सांगितलं. कुणी पंपावरच्या पेट्रोलला शिव्या घातल्या. आमच्याच भावकीतल्या एकानं, ज्यानं जन्मात सायकलची चेन बसवली नसेल, कार्बोरेटरातला फ्लोट कसा अडकतो आणि सुई कशी झिजते हे हातवारे करून समजावलं. सगळ्यांना चहा मिळत होता आणि सगळ्यांचं ऐकून घेणारा एक माणूस समोर बसलेला होता. तो मी.

मला रडू येत नव्हतं. अप्पांना समाधी दिली, मुलगा म्हणून मी माती लोटली, घरी येऊन अंघोळ केली आणि जेवलोसुद्धा. रुद्रेशला धक्का बसलाय, असं बायका कुजबुजायच्या. धक्काबिक्का काही नव्हता. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतो आणि अर्धं तोंड आपलं राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. दुकान उघडायचो, साखर मोजायचो, लोकांशी बोलायचो. आत फक्त एक गोष्ट जागी होती: गाडी का बंद पडली?

झालं होतं ते असं. त्या दुपारी जेवून उठताना अप्पांच्या छातीत कळ आली. सदरा घामानं भिजला, ओठ पांढरे पडले. गावातल्या जीपा एका लग्नाला गेलेल्या. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली. मी अप्पांचीच जुनी गाडी काढली. पुढं मी, मध्ये अप्पा, मागं माय त्यांना कवेत धरून, असे आम्ही गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. टाकी मी आदल्याच दिवशी काठोकाठ भरून आणली होती, त्यामुळं पेट्रोलची चिंता नव्हती.

गाव मागं पडलं आणि गाडीनं आचके दिले. मग बंद. किका मारल्या, चोक ओढला, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवून पाहिला. काही नाही. माय कडेला बाभळीखाली अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या कमरेच्या पिशवीत विभूतीची गोळी असतेच. तिनं तळहातावर पाणी घेऊन विभूती उगाळली, अप्पांच्या कपाळाला लावली, मग उठून गाडीच्या टाकीवरही तीन बोटं ओढली. नंतरच्या किकला गाडी सुरू झाली. "बघ," माय म्हणाली. आम्ही बसलो, थोडं गेलो आणि पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मागून आलेला एक टेम्पो थांबला. त्यात अप्पांना घातलं. दवाखान्यात डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

हे वाक्य माझ्या थोरल्या बहिणीनं, रुद्राणीअक्कानं, धरून ठेवलं. अक्का सेलूला दिलेली. अप्पांची ती लाडकी, आणि तिला तोंड पाहायला मिळालं ते समाधीच्या वेळी. तिला कुणावर तरी रागवायचंच होतं, आणि मी समोर होतो.

"गाडी मधीमधी बंद पडायलीय हे तुला ठावं होतं का न्हाई?"

"होतं."

"मग?"

"आश्रुबाला दाखवली होती."

"आश्रुबाला!" ती अशी काही म्हणाली की बाहेर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. "जो माणूस पंप बी दुरुस्त करतो, मिक्सर बी दुरुस्त करतो, त्याला?"

मग माय मध्ये पडायची. माझी माय नीलम्मा तशी कमी बोलणारी बाई, पण या एका बाबतीत तिनं कुणाला बोलू दिलं नाही. "मी होते ना तिथं. किका मारून मारून त्यानं नडगी सोलून घेतली. ह्यो बघ पाय त्याचा. माझ्या लेकराचा काई दोष न्हाई, त्याला बोलायचं काम न्हाई." येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती हे सांगायची, कुणी विचारलेलं नसलं तरी. मला वाटतं, त्या दिवसांत ती याच कामावर उभी होती.

मला मात्र तिचं सर्टिफिकेट पुरेना. आईनं दिलेलं सर्टिफिकेट कुठल्या हापिसात चालतं? दोष गाडीतच लपलेला असेल तर गोष्ट वेगळी. पण साधी निगा राखली असती आणि गाडी चालली असती, असं निघालं तर अप्पांना मी मारलं. दोन्हीतलं खरं काय, हे मला कळायला हवं होतं, आणि अक्का सेलूला परत जायच्या आत कळायला हवं होतं.

आश्रुबाकडं पुन्हा नेली. आश्रुबाची एक पद्धत आहे. गाडी आली की तो आधी टाकीचं झाकण उघडतो, आत वाकून पाहतो, वास घेतो, मग झाकण लावून बाकीच्या कामाला लागतो. त्यानं कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलमध्ये धुतला, जेटमध्ये फुंकर मारली, नवा प्लग टाकला. गाडी त्याच्या दारात अशी चालली की ऐकत राहावं. "आता चंद्रावर न्या," तो म्हणाला. चंद्र राहिला बाजूला, ती फाट्याच्या पुढं जाऊन बंद पडली. थोडा वेळ उभी राहिली आणि आपसूक सुरू झाली. मग मी गंगाखेडला धम्मदीपकडं गेलो.

धम्मदीपचं गॅरेज परभणीच्या रस्त्यावर आहे. माणूस हुशार, पण तोंडानं फाटका. गिऱ्हाईक आलं आणि "कार्बोरेटर साफ करा" म्हणालं की तो म्हणतो, "मग तुमीच करा, पाना देतो." मी काहीच सुचवलं नाही. जे जे झालं ते सांगितलं. अप्पांचंही सांगितलं, बाजारभाव सांगावा तशा आवाजात. तो हातातली पक्कड खाली ठेवून ऐकत राहिला. मग त्यानं विचारायला सुरुवात केली.

"खटकन बंद पडती का आचके देऊन?"

"आचके देऊन."

"मंग करंट न्हाई, पेट्रोलचं हाय. टाकी भरलेली आसली की लवकर पडती का रिकामी आसली की?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. दुकानाचा माल आणायला जातो तेव्हा, घरी यायला, पंपावरून निघाल्यावर, एकेक वेळ आठवून पाहिली. "भरलेली असली की," मी म्हणालो, आणि माझं मलाच ते विचित्र वाटलं.

धम्मदीप हसला नाही. "भरल्या पोटी उपाशी मरायलीय," तो म्हणाला. "चला. ती बंद पडंपतूर चालवू. चालू गाडीत काय बी कळत न्हाई."

पंपावर टाकी भरली. झाकण लावलं आणि त्यानं मला बजावलं की आता या झाकणाला हात लावायचा नाही. तो मागं बसला. परभणीच्या दिशेनं आम्ही निघालो, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्ये ट्रकांची रांग. गाडीनं आचके दिले. मी गाडी कडेला घेतली.

धम्मदीपनं वाकून कार्बोरेटरला जोडलेली पेट्रोलची नळी उपसली. नळीतून थोडंसं पेट्रोल गळालं, मग थेंब थेंब, मग तेही थांबलं. कॉक उघडाच होता. "बघा," तो म्हणाला, "टाकी काठोकाठ, कॉक उघडा, अन् खाली टिप्पूस न्हाई. कार्बोरेटर बिचारं काय करंल? लोक उगं त्यालाच खोलायलेत." मग नळी एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स असा आवाज झाला, कुणीतरी दातांतून श्वास आत ओढावा तसा, आणि नळीतून पेट्रोलची धार लागली.

"सलाईनच्या बाटलीला वरून हवेची सुई टोचतेत, बघितलंय का?" त्यानं नळी बसवत विचारलं. "न्हाई टोचली तर खाली थेंब पडत न्हाई. तसंच हाय हे. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. त्याच्यासाठी झाकणाला भोक आसतंय. टाकी भरलेली आसली की आत हवाच कमी, म्हणून लवकर गळा आवळतो. थोडा वेळ उभी केली की कुठून तरी हवा शिरती अन् चालू होती. आश्रुबा आधीच झाकण उघडतो म्हणून त्याच्याकडं दुखणं दिसत न्हाई."

बोलता बोलता त्यानं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं, कडेच्या बाभळीचा काटा मोडून घेतला आणि मधल्या भोकात घालून फिरवला. तळहातावर काहीतरी पडलं. त्याबरोबर त्याचं बोलणं थांबलं. त्यानं मूठ मिटली आणि म्हणाला, "धूळ हाय. झालं काम. चला."

"बघू."

"काय बघता? रस्त्याची धूळ."

मी त्याचा हात धरून मूठ उघडली. पांढरे कण होते, टणक, बाजूनं किंचित राखी. आमच्याकडची माती काळी. पांढरं, वाळून घट्ट होणारं, बोटांनी ओल्या लेपासारखं लावलेलं आमच्या घरात एकच असतं.

अप्पा एकदा गाडीवरून पडले होते, तेव्हापासून माय दर सोमवारी गाडीला विभूती लावायची. पूजा झाली की उरलेला ओला लेप घेऊन ती पडवीत यायची. गाडीचं तोंड भिंतीकडं असायचं, त्यामुळं हेडलाईटपर्यंत तिचा हात पोचत नसे. मग तिनं गाडीचं कपाळ ठरवलं ते टाकीच्या झाकणावर. "जिथून खाती त्याच्या वर कपाळ," असं तिचं शास्त्र. गाडीचं मूळ झाकण अप्पा कुठल्याशा पंपावर विसरले होते आणि त्याजागी बाजारातलं साधं झाकण बसवलं होतं. त्याला भोक बरोबर मधोमध. त्या भोकावरून तीन बोटं, सोमवारामागून सोमवार. अप्पा हसायचे, पण बोटांचे पट्टे पुसू द्यायचे नाहीत.

"तुमी आधीच ओळखलं होतं," मी म्हणालो.

धम्मदीपनं कण झटकले नाहीत. माझ्या तळहातावर ठेवले. "ओळखलं. पण भाऊ, मी बोललो की उद्या गावात काय व्हईल? धम्मदीप लोकांच्या देवाला नावं ठिवायलाय. माझी आई बी नव्या गाडीला हार घालती, मी कुणाला हसत न्हाई. तुमी इचारलंच म्हणून. न्हाईतर मी धूळच म्हणलो आसतो, मरंपतूर."

मी एक शेवटचं विचारलं. "त्या दिवशी मी टाकी उघडून पाहिली असती तर?"

त्यानं रस्त्याकडं पाहिलं.

"चालू झाली आसती," तो म्हणाला. "पण भरलेली टाकी कोण उघडून बघतंय? मी बी न्हाई बघणार."

तर हे असं होतं. माझी हलगर्जी नव्हती, आश्रुबाची नव्हती, पेट्रोलमध्ये भेसळ नव्हती. ज्याच्यासाठी मी इतके दिवस मरत होतो ते मला मिळालं होतं. हायसं वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. मला फक्त बाभळीखालची माय दिसली, तळहातावर पाणी घेऊन विभूती उगाळणारी. बंद पडलेल्या गाडीचा गळा तिनं तिथं पुन्हा एकदा, जीव लावून, आवळला होता. माझ्या डोळ्यांसमोर. आणि गाडी सुरू झाल्यावर "बघ" म्हणाली होती.

हे घरी कसं सांगायचं? माझा दोष नाही असं अक्काला सांगायला तोंड उघडलं की पुढचं वाक्य मायचं होतं. मधे थांबायला जागाच नव्हती. अक्का आतल्या गाठीची नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. तिला कळलं की मायला कळणार. आणि मायला कळलं तर ती त्या हाताचं काय करणार? त्याच हातानं ती पूजा करते, स्वयंपाक करते. तो हात तिला जन्मभर रोज दिसणार.

गॅरेजात परत आल्यावर मी धम्मदीपला विचारलं, "असं झाकण मिळेल का, की वरून काहीबी लागलं तरी हवा जाईल?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग मागच्या भंगारात शिरला आणि कुठल्यातरी गाडीचं कुलपाचं झाकण घेऊन आला. त्याची हवेची वाट खालच्या कडेनं होती, वरून दिसतही नव्हती. थोडं घासून, नवं रबर घालून त्यानं ते बसवलं. "आता माउलींला कितीबी लावू द्या," तो म्हणाला. निघताना मी जुनं झाकण त्याच्याच भंगारात टाकलं. विभूतीचे कण मात्र फेकवेनात, तेव्हा नळाखाली हात धुतला.

घरी पोचलो तेव्हा अक्का पिशवी भरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निघणार होती. माय तिच्यासाठी पापडांचा डबा बांधत बसलेली. गाडी कुठं नेली होती हे दोघींनाही माहीत होतं.

"काय निघालं?" अक्कानं पिशवीतून मान न काढता विचारलं.

मी काही बोलायच्या आत मायच म्हणाली, "काय निघायचं? यंत्र ते. त्याचा काय भरोसा? मी त्या दिशी विभूती लावली तवाच चालू झाली होती. देवानं चालवली तवर चालली. मंग त्याच्याच मनात न्हवतं, तर माझं लेकरू काय करंल?"

ती हे इतक्या सहज म्हणाली. हातातली दोरी डब्याभोवती गुंडाळत, गाठ मारत. मी त्या हाताकडं पाहिलं.

"कार्बोरेटरातला जेट खराब होता," मी म्हणालो. "जुना झाला होता. त्यात कचरा अडकायचा."

"म्हणजे?" अक्कानं आता मान वर केली.

"म्हणजे नवा टाकायला पाहिजे होता. आश्रुबानं सांगितलं होतं मला. दिवाळीच्या आधीच. मी आज टाकू, उद्या टाकू करत राहिलो."

आश्रुबानं असं काही सांगितलं नव्हतं. पण आश्रुबा ते नाकारायला येणार नव्हता. गाडीचं दुखणं आपण ओळखलं होतं असं गावात झालं तर त्याला ते हवंच होतं.

अक्का भडकेल असं मला वाटलं होतं. मी त्यासाठी उभाच होतो. पण तिनं हातातली साडी घडी न करताच पिशवीत कोंबली आणि खाली बसली. इतके दिवस ती जे म्हणत होती ते मी कबूल केलं, आणि तिचा राग कुठं ठेवावा हे तिला कळेना. "जाऊ दे आता," ती हळू म्हणाली. "माय, जाऊ दे. झालं ते झालं."

माय माझ्याकडं पाहत होती. दोरीची गाठ अर्धीच राहिलेली.

"आश्रुबा म्हणला होता?"

"हो."

"टाक म्हणून?"

"हो."

"अन् तू टाकला न्हाईस."

"न्हाई."

तिनं डबा बाजूला सारला. ओरडली नाही, रडली नाही. तिचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. "एवढं एकच काम होतं की रे तुझ्याकडं," ती म्हणाली.

आणि मला रडू फुटलं. समाधीला आलं नाही, सतरंजीवर आलं नाही, त्या रस्त्यावर धार लागलेली पाहताना आलं नाही, ते सगळं तिथं, उंबऱ्यात उभ्या उभ्या आलं. अप्पा गेले होते. ते आता मला कळत होतं. लहानपणी रडायचो तसा मी रडत होतो, तोंडाला हात न लावता, आणि मायनं उठून मला जवळ घ्यावं असं मला वाटत होतं.

मायनं ते रडणं पाहिलं. माझ्या कबुलीबद्दल तिला काही शंका राहिली असेल तर ती तेव्हा गेली. तिनं पदर सावरला, उठली आणि आत गेली. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.